नेदरलँड्सचा फुटबॉलपटू व्हॅन डाइक इतर बचावपटूंच्या तुलनेत किती लोकप्रिय आहे, हे कसं मोजायचं?

जाणकारांच्या मतांत तो अगदी वर आहे. 2019 च्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात, मेस्सीला 686 गुण होते, व्हॅन डाइकला 679. हा पुरस्कार मिळालेले बचावपटू तीनच: बेकेनबाउअर (1972, 1976), सामर (1996) आणि कानावारो (2006). पण ती मतं पत्रकारांची होती. सामान्य प्रेक्षकांचं मोजायचं तर वेगळी खटपट करावी लागते.

तुलना सेंटर बॅकशीच, म्हणजे गोलसमोर मधोमध उभ्या राहणाऱ्या बचावपटूंशीच करा: सलिबा, रुबेन डियास, रुडिगर, मॅग्वायर. हकीमीसारखा फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर चढून गोल करतो आणि त्याच्या क्लिप फिरतात. व्हॅन डाइकसमोर आघाडीपटू अनेकदा चेंडू घेऊन मागेच वळतो. बचावाचं हे फार मोठं काम आहे, पण त्याची क्लिप कोण बनवणार!

गूगल ट्रेंड्सवर (गूगलवर एखादं नाव किती शोधलं जातं ते दाखवणारी साइट) नाव टाइप केल्यावर खाली 'फुटबॉलपटू' असा विषय सुचवला जातो, तो निवडा. त्यात वेगवेगळ्या भाषांतले शोध एकत्र येतात. रोनाल्डोला यादीत घेऊ नका. 0 ते 100 ही पट्टी त्या तुलनेतल्या सर्वोच्च बिंदूवरून ठरते, त्यामुळे बाकीच्यांच्या रेषा तळाला चिकटतात. एका वेळी मोजकीच नावं बसतात. जास्त हवी असतील तर प्रत्येक गटात व्हॅन डाइक ठेवा आणि बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात लावून घ्या. कालावधी 12 महिन्यांचा घ्या आणि आठवड्यांच्या आकड्यांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा. सरासरी इथे फसवते: ऑक्टोबर 2020 मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला, तशी एक बातमी अख्ख्या वर्षाचा आकडा फुगवते.

दुसरी अडचण मॅग्वायरची. 2019 मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी 8 कोटी पौंड मोजले, लिव्हरपूलने व्हॅन डाइकसाठी मोजलेल्या साडेसात कोटींपेक्षा जास्त. तेव्हापासून नाव सतत चर्चेत, पण मार्च 2022 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मला ते फार अन्यायाचं वाटलं. शोधाच्या आकड्यात प्रेम आणि राग दोन्ही सारखेच मोजले जातात, म्हणून उसळी दिसली की त्या आठवड्याच्या बातम्या वाचाच.

पडताळणीसाठी विकिपीडियाचं पेजव्ह्यूज वापरा, त्यात एखादा लेख किती वेळा उघडला गेला ते दिसतं. जुलै 2015 पासूनचे आकडे मिळतात, एका वेळी 10 लेख टाकता येतात, आणि 'युजर' निवडलं की बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) वगळले जातात. फक्त इंग्रजी लेख पाहिलात तर प्रीमियर लीगचे (इंग्लंडच्या अव्वल लीगचे) खेळाडू वर दिसतील. डच, स्पॅनिश, अरबीही बघा.

इन्स्टाग्रामचे एकूण फॉलोअर्स मी सर्वांत शेवटी धरतो. स्पेनचा बचावपटू रामोस तिथे व्हॅन डाइकच्या कितीतरी पुढे आहे, पण त्यात रिअल माद्रिदची 16 वर्षं आणि 2014 च्या लिस्बनमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला 93 व्या मिनिटाचा हेडर जमा आहे. जुने फॉलोअर्स सहसा जात नाहीत, त्यामुळे दोघांची गेल्या वर्षभरातली वाढ तेवढी शेजारी मांडा.