डेबियन सर्व्हर: लागेल तेवढंच टाक
डेबियन या लिनक्स सिस्टिमची नेटइन्स्ट इमेज (बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इन्स्टॉलर फाइल) घे. सॉफ्टवेअर निवडायची स्क्रीन आली की घाईत एंटर दाबू नकोस. डेस्कटॉपची खूण स्पेसबारने काढ. एसएसएच सर्व्हर (दुरून सुरक्षित लॉगिनसाठी) आणि स्टँडर्ड युटिलिटीज एवढंच ठेव. पुढे एप्टने (डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन) काही टाकताना 'नो इन्स्टॉल रेकमेंड्स' हा पर्याय लाव, नाहीतर एका पॅकेजमागे अख्खं वऱ्हाड येतं. मग 'एसएस' कमांडने उघडे पोर्ट (नेटवर्कवरून आत यायची क्रमांकाची दारं) बघ. एसएसएचचा २२ असणारच, डीएचसीपीचा (आपोआप आयपी पत्ता मिळवण्याचा) ६८ दिसला तरी घाबरू नकोस. बाकी अनोळखी काही असेल तर कोणत्या प्रोग्रामचं ते शोध आणि तो प्रोग्राम काढून टाक. पासवर्ड लॉगिन बंद करण्याआधी एसएसएच-की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) चालते ना, हे दुसऱ्या टर्मिनलमधून तपास, पहिलं सेशन चालूच ठेवून. मी एकदा आतून कडी लावून स्वतःच बाहेर राहिलोय!