१८ वर्षांच्या मुलासाठी सेकंडहँड पिकअप घ्यायची आहे, काय काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा याच वर्षी १८ चा झाला, चारचाकीचं लायसन्स हातात आलं, घरचा संत्रा आणि भाजीपाला मोर्शी-अमरावतीला न्यायचा आहे, साडेचार लाखांपर्यंत तयारी आहे आणि ओळखीतली एक बोलेरो पिकअप विकाऊ आहे. गाडीत काय पाहायचं ते सांगतोच, पण भाऊ, गाडीच्या आधी पोराचं वय पाहा.

पिकअप आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) 'गुड्स कॅरिअर' असते, म्हणजे व्यावसायिक वाहन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे साध्या चारचाकीला १८ पुरतात, व्यावसायिक वाहन रस्त्यावर चालवायला मात्र २० पूर्ण लागतात. गल्लत होते ती सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे. ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं सांगितलं की एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं व्यावसायिक वाहन चालवता येतं, ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का लागत नाही. खरं आहे ते. पण तो निकाल लायसन्सच्या प्रकाराचा आहे, वयाची अट त्यानं उठवलेली नाही. एजंट लोक 'आता काहीच लागत नाही' म्हणतात ते अर्धंच सांगतात. 'शेतीपुरती आहे, खासगी गाडीसारखी पांढरी नंबरपाटी लावून टाकू' हाही सल्ला मिळेल. पाटीच्या रंगानं काही होत नाही, आरसीत काय लिहिलंय तेच धरतात.

पकडला तर चालवणाऱ्याला ५,००० आणि गाडी हाती देणाऱ्या मालकाला ५,००० दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो तरी परवडला. खरी भीती अपघाताची आहे. वयात न बसणारा ड्रायव्हर म्हटल्यावर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. समोरच्याला भरपाई द्यायला कोर्टानं कंपनीला लावलं तरी ती रक्कम कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. संत्र्याची एक बाग विकूनही तो आकडा भागेलच असं नाही.

म्हणून माझं मत: दोन वर्षं पिकअपवर २० च्या वरचा ड्रायव्हर ठेवा आणि मुलाला शेजारच्या सीटवर बसवा. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस म्हणून मालासोबत केबिनमध्ये बसलेल्याला विम्यात जागा आहे. हात बसवायला त्याला घरची किंवा नातेवाइकाची साधी कार द्या, पिकअपचा सराव स्वतःच्या वावरात, रिकाम्या गाडीवर. हंगामाचे दोन-तीन महिने सोडले तर गाडी दारात उभीच राहणार असेल तर सध्या घेऊच नका, फेरीच्या भाड्यानं काम भागवा. पोरगा विशीत येईपर्यंत पैसे कुठे पळून जात नाहीत.

तरी घ्यायचीच असेल तर आधी भार मोजा. २२ ते २५ किलोचे ६० कॅरेट म्हणजे १,३०० ते १,५०० किलो. एवढं रोज न्यायचं असेल तर बोलेरो पिकअप किंवा अशोक लेलँड दोस्तच्या वर्गातली गाडी लागते. ३० कॅरेटच्या आत काम असेल तर टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरी पुरते, आणि नवशिक्याच्या हाताला छोटी गाडी केव्हाही बरी. आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही असतं. वजाबाकी करा, तेवढाच माल कायद्यानं भरता येतो. त्यात ड्रायव्हर आणि शेजारचा माणूसही मोजतात. ओव्हरलोडला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे. भरलेलं वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. पिकअपची काही मॉडेल्स या रेषेच्या अलीकडे आहेत, काही पलीकडे, तेव्हा नावावर न जाता आरसी वाचा.

मॉडेल शक्यतो सहा वर्षांच्या आतलं बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी करावा लागतो, त्यानंतर दरवर्षी. दरवर्षीचा तो खर्च आणि खेटे जुन्या गाडीच्या स्वस्ताईतून वजा करूनच भाव ठरवा.

कागद बघायला गाडीपाशी जायची गरज नाही. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका: मालक कितवा, फिटनेस, विमा, पीयूसी आणि टॅक्स कधीपर्यंत, कर्ज कोणत्या फायनान्सचं. बाकी ई-चलान वेगळं तपासा. थकलेला टॅक्स आणि चलान गाडीला चिकटून येतात, आधीचा मालक गायब झाला की ते तुमचे. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर त्यांचं एनओसी आणि कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार सोडून एक रुपया देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल (तुमचं एमएच-२७, समोरची एमएच-३१ किंवा ४०) तर फॉर्म २८ ची एनओसी. आरसीवरचा मालक जिवंत आणि हजर पाहिजे, ऑनलाइन अर्जात त्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं होऊ द्या, मग सौदा. 'तीन हात फिरली पण नावावर पहिल्याच्याच आहे' अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. विम्याचं मात्र १४ दिवसांत कंपनीला कळवा. ते राहिलं आणि मध्येच गाडी ठोकली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे पॉलिसीचा हप्ता वाढेल, तेवढे पैसे धरून ठेवा.

आपल्या भागात एक गोष्ट वेगळी तपासावी लागते: गाडी रेतीवर चालली का? वर्धा आणि पैनगंगेच्या काठच्या किती पिकअप रात्री रेती ओढतात ते सांगायला नको. अशी गाडी वरून धुऊन, रंग मारून चकाचक असते. डाल्याचा (मागे माल भरतात तो भाग) पत्रा आणि डाल्याची पुढची फळी जिथे जुळतात त्या फटीत पेचकस घालून ओढा. बारीक रेती निघाली तर समजा. खाली झोपून चेसिसच्या आतल्या खाचेत बोट फिरवा, तिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही. डाल्याच्या तळाचा पत्रा फावड्यानं घासून मधोमध चकाकतो आणि कडांना गंजतो. महसूलनं पकडलेली गाडी दंड भरून आणि हमीपत्र लिहून सुटते, म्हणून तहसीलमध्ये त्या नंबरवर काही बाकी नाही ना हे विचारून घ्या.

आता गाडी. बघायला सकाळी सातच्या आत जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिले बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, कारण डिझेल गाडीचं खरं दुखणं थंड स्टार्टलाच दिसतं. सोबत आपला मिस्त्री न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी हिरवं किंवा गुलाबी असायला पाहिजे. तांबडं, गढूळ असेल तर कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलेलं आहे. आपल्याकडच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत खार बसतो आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत, भरल्या गाडीत काटा वर चढतो. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या कांडीवर दुधाळ फेस दिसला तर हेड गॅस्केट गेलेलं, तिथेच थांबा.

मग स्टार्ट. चावी फिरवल्यावर मीटरमधले सगळे दिवे पेटून इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा पेटतच नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो, बीएस-६ गाडीत (एप्रिल २०२० नंतरची) हे नक्की बघा. सुरुवातीचा पांढरा धूर दोन मिनिटांत गेला तर ठीक. गरम झाल्यावरही निळा येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. रेस दिल्यावर भसकन काळा धूर म्हणजे इंजेक्टर, पंप नाहीतर टर्बोचा खर्च. पाच मिनिटांनी ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं तोंडावर ठेवा. नुसतं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल आणि भोकातून धुराचे लोट येत असतील तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, म्हणजे रिंग-पिस्टन झिजले. अशा गाडीला इंजिनकाम लागणारच, भाव कितीही पाडून मिळाला तरी.

क्लचसाठी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस ठेवून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट संपली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला, नाहीतर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा जाते. सावकाश पुढे-मागे घेताना खालून 'टक्' आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस गेला, तो स्वस्त आहे. चाळीसच्या वर मागून रडल्यासारखा सूर येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो, ते क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधले गिअर. ते महाग आहे.

चेसिस नंबरच्या पंचाचं पेन्सिल प्रिंट घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. पंचाभोवती ग्राइंडर फिरल्याची खूण असेल तर सौदा संपला. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरजवळ चेसिसला चीर किंवा नवं वेल्डिंग आहे का पाहा, ओव्हरलोड गाडी तिथेच फाटते. पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे नसतील, किंवा एखादा जुना-एखादा नवा दिसला, तर का घातला ते विचारा. टेपनं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर घ्या, चाकं सरळ ठेवून. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक आला तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग सरकलं असेल, नाहीतर गाडी ठोकलेली असेल.

पुढचं चाक जॅकवर उचलून घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा: खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ आणि ९ वर हलवा: टाय रॉडचे एंड. टायरवर चार आकडी छाप असतो, ३१२१ म्हणजे २०२१ चा ३१ वा आठवडा. सहा वर्षं उलटलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच. रबर चढवलेला पुढच्या चाकाला मुळीच नको, फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं.

ब्रेकचं पेडल जोरात दाबून एक मिनिट तसंच धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गेलेला. मग रिकाम्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला कचकन दाबा, गाडी एका बाजूला ओढायला नको. मागच्या ॲक्सलवर भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी जागेवर आहे का ते बघा. काही जण ती तारेनं बांधून टाकतात, आणि मग रिकामी गाडी पावसात ब्रेक दाबला की मागून फिरते.

मीटरच्या किलोमीटरवर जाऊ नका. वायर काढलेली असते. पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड आणि गिअरची मूठ किती झिजली ते खरं सांगतात. साडेचार लाखांतले पन्नास-साठ हजार गाडीच्या भावात न घालता बाजूला ठेवा: टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, फिल्टर आणि ब्रेकचे लायनर यात ते जातील.

मुलगा २० चा झाल्यावर पहिले तीन महिने फक्त उजेडात, अर्ध्या मालावर. त्याला दोन गोष्टी नीट समजावून सांगा. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं, ओल्या काळ्या मातीच्या पांदणीवर चाक नुसतं जागेवर फिरतं आणि डांबरी रस्त्यावर वळणात घसरतं. पावसाळ्यात मागच्या ॲक्सलच्या वर रेतीची तीन-चार पोती बांधून ठेवली की पकड येते, मात्र ती दोरानं आवळलेली पाहिजेत. दुसरं, कापूस भरला की वजन कमी पण उंची जास्त, वळणावर गाडी आधी कलते आणि मग कळतं. रात्रीचे रोही आणि रानडुक्कर, बिनदिव्याची बंडी आणि ट्रॉली हे आहेच.

आणि डाल्यात माणसं नाही. वेचणीच्या बाया नाही, वऱ्हाडही नाही. मालगाडीत अशा बसवलेल्या लोकांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगितलं आहे. ती मालकावर येते, आणि आरसीवर नाव तुमचं असेल. गावात पिकअप आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी लग्नासाठी मागायला येतं, त्याला काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा.