वाचकांचे प्रश्न : ओरखडे पडलेल्या सीडीतील गाणी

घरात पडून असलेल्या संगीताच्या सीडींविषयी नाशिक शहरातून गेल्या काही आठवड्यांत इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या चारांची निम्मी उत्तरे त्यातच आली आहेत.

आमच्या सासऱ्यांनी २००० सालच्या सुमारास मेन रोडवरून घेतलेल्या नाट्यसंगीताच्या आणि ख्यालगायनाच्या चाळीसेक सीडी घरात आहेत. त्यांतील सात-आठ अडकतात. एकीचे तर चौथे पद सुरू झाले की तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा वाजत राहतो. एका दुकानातून एक सीडी यंत्रावर घासून आणली, तर ती पूर्वी वाजत होती तेवढीही वाजेना. उरलेल्या घासायला द्याव्यात का, की कोणी सांगितले तसे फ्रीजमध्ये ठेवून पाहावे?
— एक वाचिका, गंगापूर रोड

देऊ नयेत, निदान आत्ता तरी नाही. घासणे हा शेवटचा उपाय आहे आणि आपल्याकडे तो पहिला म्हणून केला जातो. सीडीवरचा आवाज चकचकीत बाजूला असतो असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या १.२ मिलिमीटर जाड चकतीवर सूक्ष्म खळगे उठवलेले असतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, त्यावर लॅकरचा थर आणि त्यावर छपाई. लेझरचा किरण खालून प्लॅस्टिकमधून वर जातो आणि मुलाम्यावर आपटून परततो. प्लॅस्टिकमध्ये शिरताना त्याचा ठिपका सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि खळग्यांपाशी पोचेपर्यंत तो मिलिमीटरच्या काही हजारांशांइतका बारीक झालेला असतो. त्यामुळे चष्म्याच्या काचेवरचा बारीक चरा वाचताना जसा आड येत नाही, तसाच खालच्या बाजूचा किरकोळ ओरखडाही लेझरच्या आड येत नाही. वरच्या बाजूने मात्र बॉलपेनची एक जोरकस रेघही मुलामा खरवडू शकते, आणि मुलामा गेला की किरण परतवायला तेथे काही उरतच नाही.

म्हणून प्रत्येक सीडी छापील बाजू आपल्याकडे करून ट्यूबलाइटसमोर धरावी. सुईने टोचल्यासारखे एखाद-दुसरे छिद्र चमकले तर चिंता नको. पण ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका किंवा लांबट भेग उजेडाने भरून आली, तर तेवढा भाग गेला असे समजावे. ती सीडी जगातल्या कोणत्याही यंत्रावर घासली तरी उपयोग नाही, कारण घासले जाते ते खालचे प्लॅस्टिक. आपली घासून बिघडलेली सीडी याच कसोटीला लावून पाहावी. तिच्यात उजेड दिसला नाही, तर यंत्राची झिजलेली गादी तिच्यावर गोल फिरली असण्याची शक्यता अधिक.

गोल फिरण्यात एवढे वाईट काय, हे समजण्यासाठी सीडीची रचना थोडी पाहावी लागेल. १९८२ साली ही तबकडी बाजारात आली तेव्हाच, ती हाताळताना खराब होणार हे गृहीत धरून सोनी आणि फिलिप्सच्या अभियंत्यांनी तिच्यात दुरुस्तीची सोय करून ठेवली. एका पानावर एक अशा ओव्या लिहिण्याऐवजी प्रत्येक ओवीचे शब्द शंभर पानांवर विखरून लिहावेत आणि जोडीला पडताळ्याचे काही शब्द द्यावेत, म्हणजे एक पान फाटले तरी एकेका ओवीतला एखादाच शब्द जातो आणि तो हिशेबाने जसाच्या तसा परत मिळतो. ही सोय तशीच आहे. खळग्यांच्या गोल गोल फिरत जाणाऱ्या मार्गावर सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट या पद्धतीने पूर्ण भरून निघते. त्याहून मोठी असेल तर प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरतो, आणि तेही जमेनासे झाले की आवाज तुटतो किंवा आपल्या चौथ्या पदासारखा एकाच जागी फिरत राहतो. आतून बाहेर, चाकाच्या आरीसारखा गेलेला ओरखडा प्रत्येक फेरीत मार्गाला क्षणभर छेदून जातो. मार्गाच्या बाजूने गोलाकार गेलेला ओरखडा मात्र त्याच मार्गावर कितीतरी लांब पसरतो. सीडी पुसताना नेहमी मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी असे सांगतात ते यासाठीच. पितळी तबक पुसावे तशी खिशातल्या रुमालाने गोल गोल पुसून मी स्वतः एक उत्तम सीडी घालवली आहे, तेव्हा हा उपदेश पुस्तकातला नव्हे.

आता क्रम. सीडी नळाच्या धारेखाली धरून भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाच्या पेराने आतून बाहेर फिरवावा, धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नये. त्यांतल्या ॲसिटोनसारख्या द्रावकांनी पॉलिकार्बोनेट दुधासारखे पांढरे पडते. न वाजणाऱ्या सीडींपैकी काहींचे दुखणे बोटांच्या तेलकट ठशांपुरतेच असते आणि ते येथेच संपते.

यानंतर प्लेअरचा नाद सोडून संगणकाकडे वळावे. प्लेअरला गाणे चालू ठेवायचे असते, म्हणून तो चुकलेल्या जागी थांबून पुन्हा वाचत बसत नाही. संगणकाला मात्र घाई नसते. विंडोजवर ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, मॅकवर ‘एक्स एल डी’ आणि लिनक्सवर ‘सीडीपॅरानोया’ हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. यांतील पहिला सुरक्षित पद्धतीत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचतो, दोन वाचनांत फरक पडला तर तोच तुकडा कमाल ८२ वेळा वाचून बहुमताने निर्णय घेतो आणि तरीही शंका राहिली तर कितव्या मिनिटाच्या कितव्या सेकंदाला ती आहे हे लिहून ठेवतो. एकेका खराब पदाला दोन-दोन तास लागू शकतात, तेव्हा रात्री लावून झोपावे. वाचनाचा वेग कमी ठेवावा. निकाल समाधानकारक नसेल तर दुसरा ड्राइव्ह वापरून पाहावा, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसऱ्याला सहज वाचता येते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. जुन्या संगणकातला डीव्हीडी रायटर भंगारात देण्याआधी म्हणूनच दोनदा विचार करावा.

एवढे करूनही एखादा खालच्या बाजूचा चरा हटत नसेल, तर त्यावर पेट्रोलियम जेलीचे एक बोट आतून बाहेर फिरवावे, कापडाने जवळपास सगळी पुसून टाकावी आणि लगेच सीडी लावावी. काचेवरच्या चऱ्यात तेल भरले की तो दिसेनासा होतो, तेच येथे घडते. काम झाले की साबणाने धुवावे. त्यानंतरच पॉलिश: पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) किंवा पितळ चमकवण्याचे ब्रासो, ओलसर कापड, पुन्हा आतून बाहेर आणि फक्त चऱ्यापुरते. सीडी फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला आपणही लिहिला आहे. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते, याखेरीज त्याने काही होत नाही.

भावगीतांची सीडी संगणकात उघडली, गाण्यांच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, परंतु गाडीत एकही वाजत नाही. प्रत्येक फाइल एक केबीची दिसते. सीडी खराब झाली असावी का?
— एक वाचक, सिडको

सीडी ठणठणीत आहे. संगीताच्या सीडीवर फाइली नसतातच. असतो तो सलग आवाज, सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे, म्हणजे नमुने, या हिशेबाने. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक गाण्याची ‘सीडीए’ नावाची खूणचिठ्ठी दाखवते, तिचा आकार ४४ बाइट असतो आणि गाणे कोठे सुरू होते आणि किती वेळाचे आहे एवढेच तिच्यात लिहिलेले असते. पुस्तकाऐवजी अनुक्रमणिका उतरवून आणावी, तसे झाले आहे. वर सांगितलेल्या कार्यक्रमांपैकी एकाने गाणी उतरवून घ्यावीत आणि ती ‘फ्लॅक’ या प्रकारात ठेवावीत; त्यात काहीही न गमावता जागा बरीच वाचते. गाडीसाठी त्यावरून एमपीथ्री केव्हाही करता येते, उलट मात्र करता येत नाही.

दीडशे अभंगांची एमपीथ्री सीडी आहे. साठाव्या अभंगापाशी कॉपी थांबते आणि त्रुटी दाखवते. ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा कार्यक्रम ही सीडी ओळखतच नाही.
— एक वाचक, नाशिक रोड

ओळखणार नाही, कारण ही खरोखरच फाइलींची सीडी आहे. येथे दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, म्हणून किरकोळ ओरखडे ती संगीताच्या सीडीपेक्षा अधिक सोसते. पण एकदा मर्यादा ओलांडली की अंदाजाने जागा भरण्याची सोय नसते आणि विंडोज संपूर्ण फाइलच नाकारते. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हा कार्यक्रम आधी चांगला भाग काढून घेतो, वाईट जागांचा नकाशा ठेवतो आणि मग त्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो. तोच नकाशा घेऊन सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावली तर काम तेथून पुढे सुरू होते. एमपीथ्रीतील आवाज सुमारे २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधलेला असतो, त्यामुळे वाचता न आलेल्या २०४८ बाइटांच्या एका खणामुळे अभंगात एखादा हिसका बसेल, अभंग जाणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा भांडी बाजाराजवळील आमच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. एका खोक्यातील सीडींवर गाळ वाळला आहे, काहींना आतला कागद चिकटला आहे. त्यांत वडिलांच्या कीर्तनाची घरी लिहिलेली एक सीडी आहे. बाकीच्या गेल्या तरी चालतील, ही मिळेल का?
— एक वाचक, जुने नाशिक

गोदेचा गाळ म्हणजे बारीक पॉलिश पेपरच समजावा. वाळलेल्या गाळावर कापड फिरवले तर आजवर न पडलेले ओरखडे आज पडतील. दुकानातून घेतलेल्या सीडी साध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, गाळ आपोआप सुटू द्यावा आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. चिकटलेला कागद नखाने ओढू नये. तो छापील बाजूला चिकटलेला असतो, आणि त्याच्यासोबत मुलाम्याची पापडी निघून येते. भिजून त्याचा लगदा झाला की बोटाने हलके सारावा.

कीर्तनाच्या सीडीचे प्रकरण वेगळे आहे. घरी लिहिलेल्या सीडीत खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो (म्हणूनच ती खालून हिरवट किंवा निळसर दिसते) आणि तो उन्हाने व काळाने फिका पडतो. तिला भिजत घालू नये, धारेखाली धुवावी, सावलीत वाळवावी. तिला पॉलिशची गरज बहुधा पडणार नाही. गरज पडेल ती धीराने वाचणाऱ्या ड्राइव्हची, आणि अशा सीडी नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हपेक्षा सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा बऱ्या वाचल्या जातात. लावण्यापूर्वी मधल्या भोकाभोवती केसासारखी तडा गेलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. संगणकाचा ड्राइव्ह पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो आणि तडकलेली सीडी त्यात फुटून तिच्यासह ड्राइव्हही जातो. तडा असेल तर वेग आधीच सर्वांत कमी करावा, किंवा साध्या प्लेअरमध्ये वाजवून त्याचा आवाज तारेने संगणकात घ्यावा. प्लेअरमधील फेरे मिनिटाला दोनशे ते पाचशेच असतात.

सर्व उपाय करून एका रागाचे ध्वनिमुद्रण उतरवले, तरी तीन ठिकाणी ‘टक्’ असा आवाज आणि एके ठिकाणी जवळजवळ एक सेकंद शांतता आहे. हे सांधता येईल का?
— एक वाचक, पंचवटी

तीन ‘टक्’ सहज जातील. ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य कार्यक्रमात तरंगाकृती मोठी करून पाहिली की तो आवाज उभ्या काट्यासारखा दिसतो. तेवढाच भाग निवडून ‘रिपेअर’ द्यावे. ही आज्ञा एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच, म्हणजे तीन मिलिसेकंदांहूनही कमी भागावर चालते, आणि ते योग्यच आहे, कारण त्याहून मोठी जागा यंत्राने कल्पनेने भरू नये.

एका सेकंदाच्या शांततेसाठी आधी दुसरी प्रत शोधावी. हेच ध्वनिमुद्रण कोणा परिचिताच्या कपाटात असेल, तर तिच्यावरचा ओरखडा नेमका त्याच जागी असण्याची शक्यता फारच थोडी. तेवढा सेकंद तेथून घेऊन जोडावा. प्रत मिळाली नाही, तर त्या सेकंदात काय होते ते पाहावे. गायक श्वास घेत असेल आणि नुसता तानपुरा चालू असेल, तर आधीच्या आवर्तनातला तानपुऱ्याचा तेवढाच तुकडा उचलून दोन्ही टोकांना हलका उतार देऊन बसवावा. कोणाला कळणार नाही. तान चालू असेल तर मात्र काहीही बसवू नये, दोन्ही बाजूंचा आवाज अलगद उतरवून ती जागा मोकळीच ठेवावी, कारण गायकाने न घेतलेली तान त्याच्या नावावर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. तबल्याचा ठेका तेवढा चालू असेल तर तुकडा मात्रांच्या हिशेबाने, ज्या मात्रेवर आवाज तुटला आहे त्याच मात्रेपासून मोजून घ्यावा. पाव मात्रेचा फरक पडला तरी ऐकणाऱ्याचा मांडीवर पडणारा हात समेपाशी अडखळेल.