देवावर सोडलंय, मग आपण काय करायचं?

म्हापशाहून एक ताई विचारतात: मुलगा ग्रॅज्युएट होऊन दोन वर्षं घरी बसलाय. अर्ज कर म्हटलं की म्हणतो देवाच्या मनात असेल तेव्हा मिळेल. मी रोज त्याच्यासाठी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, करते. माझाच विश्वास कमी पडतो का?

मुळीच नाही ताई. योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय त्याच्यासोबत बसून वाचा. लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेले, येशू तिथे येतो आणि आधी काय म्हणतो तर धोंड काढा. आता बघा, मेलेल्याला उठवणाऱ्याला धोंड सरकवणं काय जड होतं, पण ते काम त्याने माणसांकडेच ठेवलं, लाजरची बहीण मार्था म्हणतेय की आता वास येत असेल तरी काढायला लावली, आणि लाजर बाहेर आला तेव्हा हातपाय पट्ट्यांनी बांधलेलेच होते, ते सोडायलाही लोकांनाच सांगितलं. माणसाच्या हातचं नव्हतं तेवढं स्वतः केलं. अर्ज भरणं ही तुमच्या मुलाची धोंड आहे. रोझरी चालू ठेवा, पण या आठवड्यात शेजारी बसून एक तरी अर्ज भरून घ्या. आणि ओरडू नका हं, तो आळशी नसेलही, नकाराला घाबरला असेल.

मडगावहून एक काका: रिट्रीटहून, म्हणजे चर्चच्या प्रार्थना शिबिराहून, आल्यापासून शुगरच्या गोळ्या बंद केल्यात, देवावर भरवसा म्हणून. बरोबर ना?

नाही काका. आजच डॉक्टरांना फोन करून किती दिवस चुकल्या ते सांगा. आपल्या कॅथलिक बायबलात सिराकच्या ३८ व्या अध्यायात स्पष्ट आहे, प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, औषधं परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केलीत. गोळी हातात घेऊन त्याचे आभार माना आणि गिळा.

कुटबणहून एक दादा: कर्ज काढून ट्रॉलर घेतला, राबलो, तरी सीझन वाया गेला. आता ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. देवाने सोडलं का आम्हाला?

दादा, तुम्हाला अजून मेहनत करा असं मी सांगणार नाही. लूकच्या ५ व्या अध्यायात मच्छीमार सिमोन, म्हणजेच पुढचा सेंट पीटर, रात्रभर राबून रिकाम्या हाताने आलाय, जाळी धुतायत, आणि येशू त्याच्याच होडीत चढून बसतो, मासळी मिळायच्या आधी. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, एकटे नको, घरच्या कुणाला तरी सोबत न्या. जाळी दुरुस्त करत राहा. आणि ट्रॉलरचं नाव मला कळवा, २९ जूनला सेंट पीटरच्या फेस्ताच्या (सणाच्या) मिस्सात, चर्चमधल्या प्रार्थनेत, ते घेईन.