कॅल्शिअम क्लोराइडमध्ये ‘डाय’ का नाही?

प्रश्न असा की कार्बन डायऑक्साइड म्हणतो तर कॅल्शिअम डायक्लोराइड का नाही, त्यातही क्लोरीन दोनच आहेत, मग नववीतल्या मुलीला हे समजवायचं कसं. प्रश्न अगदी रास्त आहे, तिला ‘नियमच आहे तसा, पाठ कर’ असं प्लीज सांगू नका, कारण यामागे कारण आहे आणि ते छान आहे.

कॅल्शिअम धातू, तो संयुगात दोन इलेक्ट्रॉन देऊन बसतो, क्लोरीन एकच घेतो, म्हणजे एकास दोन हे आधीच ठरलेलं, मग नावात परत कशाला सांगायचं? आणि या क्षारात सुटा रेणू असा नसतोच, आयनांच्या (म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन विद्युतभारित झालेल्या अणूंच्या) रांगाच रांगा असतात, एकास दोन हे नुसतं प्रमाण. (पावसाळ्यात कपाटात ओल शोषायला डब्या ठेवतात ना, त्यात बऱ्याचदा हेच असतं.) अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचंही तसंच, दोनास तीन हे संयुजांवरून (अणू किती इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो त्या आकड्यांवरून) आपलं आपण काढायचं.

दोन अधातू एकत्र आले की ही सोय संपते. कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्याचा जीव घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोड्याच्या बाटलीत भरतात, नुसतं कार्बन ऑक्साइड म्हटलं तर यातला कुठला समजायचा? पण माझं आवडतं उदाहरण नायट्रोजनचं. नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी वायू, एका नायट्रोजनला दोन ऑक्सिजन. दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन असलेला रेणू वेगळा, रंगहीन, नाव डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. प्रमाण दोन्हीत एकास दोनच! म्हणजे इथे प्रमाण सांगून भागत नाही, रेणूत खरोखर किती अणू आहेत ते मोजूनच सांगावं लागतं. हे एक उदाहरण पोरांना नीट दाखवलं तरी पुरतं.

पहिल्या मूलद्रव्याचा अणू एकच असेल तर त्याला ‘मोनो’ (म्हणजे एक) लावत नाहीत. आणि ऑक्साइडच्या आधी मोनो, टेट्रा (चार), पेंटा (पाच) यांचा शेवटचा स्वर गळतो, म्हणून मोनॉक्साइड, पेंटॉक्साइड, पण डाय आणि ट्राय तसेच राहतात.

लोखंडासारख्या धातूंची संयुजा बदलते, तिथे नुसतं आयर्न क्लोराइड म्हणून चालत नाही. जुनी पद्धत फेरस आणि फेरिक, इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं पीसीबी एचिंगला (सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवायला) वापरतात ते फेरिक क्लोराइड. पण लोखंडाचं फेरस म्हणजे संयुजा दोन आणि तांब्याचं क्युप्रस म्हणजे एक, ‘अस’वरून फक्त कमी संयुजा एवढंच कळतं, आकडा नाही. म्हणून धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहायची पद्धत मला जास्त सरळ वाटते, ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी 1919 मध्ये सुचवली.

आता मुलगी हुशार असेल तर विचारेलच की मँगनीज डायऑक्साइडमध्ये धातू असून डाय कसं? मँगनीजची ऑक्साइडं बरीच आहेत, म्हणून ते नाव रुळलंय. उलट हायड्रोजन सल्फाइडमध्ये दोन्ही अधातू आणि हायड्रोजन दोन, तरी डाय लावत नाहीत, कारण हायड्रोजनची संयुजा एक आणि सल्फाइडची दोन धरली की आकडा आपोआप निघतो. कॅल्शिअम डायक्लोराइड म्हटलं तर अर्थ चुकत नाही, फक्त गरज नाही, पण शाळेच्या पेपरात मात्र कॅल्शिअम क्लोराइडच लिहायला सांगा.