आई नसलेल्या बहिणी

राजा,

परवा माईमावशीचा फोन ठेवल्यावर तू म्हणालास, "तुझी आई वेगळी, तिची आई वेगळी, मग ती सिस्टर कशी? कझिन म्हण ना." मी हसले, पण लागलं जरा. आणि दहाच मिनिटांत तूच ते जहाजांचं पुस्तक उघडून मला सांगत होतास की ऑलिम्पिक ही टायटॅनिकची सिस्टर! अरे, त्यांना तर आईच नाही. मराठीत जहाज 'ती'सुद्धा नाही, 'ते' आहे.

मग रात्री मीच वाचत बसले. जहाजांचं नातं जुळतं ते आराखड्यावरून. एका आराखड्यावरची सगळी मिळून एक क्लास, आणि बहुतेक वेळा पहिलीचं नाव सगळ्यांना. आपल्या नेव्हीत शिवालिक, सातपुडा, सह्याद्री अशा तिघी आहेत, २०१०, २०११ आणि २०१२ला आलेल्या, तो शिवालिक क्लास. कुठल्या यार्डात, म्हणजे जहाजांच्या कारखान्यात, बांधल्या ते बघत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २७१० लिबर्टी शिप्स, म्हणजे मालवाहू जहाजं, बांधली, १८ यार्डांत, सगळ्या बहिणी.

आणि बहिणी म्हणजे डिट्टो सारख्या असंही नाही हं. टायटॅनिकच्या ए डेकचा, म्हणजे वरच्या एका मजल्याचा, पुढचा भाग खिडक्या लावून बंद केलेला, ऑलिम्पिकचा उघडाच, फोटोत त्यावरूनच ओळखतात. टायटॅनिक बुडाली तेव्हा तिसरी, ब्रिटॅनिक, अजून यार्डातच होती, मग तिला आतून दुहेरी भिंत दिली, रुंदीलाही ती जरा जास्तच, तरी बहीणच. थोरल्या ऑलिम्पिकलाही परत यार्डात नेऊन आतून भिंत घातली, ती पुढे १९३५पर्यंत चालली.

हे वाचताना मला आजीचं फ्रॉक बेतायचं कागदी कटिंग आठवलं. वर्तमानपत्राचं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. माझा आणि माईचा फ्रॉक ती त्यावरच बेतायची, माई दांडगी म्हणून तिला खांद्यात दोन बोटं जास्त सोडायची, आणि मी रडून रडून फुग्याच्या बाह्या करून घ्यायचे. कोणी विचारलं, बहिणी का? तर आजी "हो" म्हणून पुढचा टाका घालायची. चुलत वगैरे नाही. आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस हे सगळं पुढे लागतं खरं, पण मागे बहीण राहतेच, आणि बोलताना पुढचं गळूनच जातं.

पण जहाजांचा नियम लावला तर मी हरते, हे मान्य. एका घरात वाढलो याला तिथे किंमत नाही, यार्ड मोजतच नाहीत. आराखडा बघतात, आणि माईचा नि माझा थोडाच जुळतो. मूळ आराखड्यात बरेच बदल करून बांधलेल्या जहाजाला कधी कधी हाफ-सिस्टर म्हणतात म्हणे. तेव्हा थोडं तुझंही बरोबर आहे. आणि नुसतं बहीण म्हटल्याने काही होत नाही, मधे चार वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, का ते आता धड आठवतही नाही.

तू तिला काय म्हणायचं ते तू ठरव, मी मागे लागणार नाही (लागतेय का?). फक्त रविवारी तिचा फोन आला की विचार, निळ्या फ्रॉकची बाही कोणी फाडली. ती माझं नाव सांगेल. साफ खोटं आहे ते.

आई