‘काटकसरी असूनही’ की ‘काटकसरी असल्यामुळे’?

प्रश्न असा आहे : ‘तो काटकसरी असूनही त्याने महाग बूट घेतले’ असं वाक्य कथेत लिहिलं होतं. वाचणाऱ्याने ‘असूनही’ खोडून ‘असल्यामुळे’ केलं. बरोबर कोणतं? आणि टिकाऊ वस्तूसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला काटकसरी म्हणता येईल का?

म्हणता येईल, आणि माझा कल ‘असल्यामुळे’कडे आहे.

‘काटकसर’मधला ‘काट’ काटण्यातला आहे. ‘कसर’ मूळचा अरबी. मोडणं, तुकडा, अपूर्णांक असे तिकडचे अर्थ. आपल्याकडे तो उणीव, तूट या अर्थाने रुळला : कसर भरून काढणे, कसर न ठेवणे. व्युत्पत्तीकडे पाहिलं तर शब्द नुसता छाटण्याचा वाटतो. वापर मात्र वेगळंच सांगतो. पाणी काटकसरीने वापरतात, वीज काटकसरीने वापरतात, शब्दसुद्धा. कमी पैशात विकत घेणं असा अर्थ यात कुठेच येत नाही. काटकसर वाया जाण्याच्या विरुद्ध उभी असते, किमतीच्या विरुद्ध नव्हे. दोन पावसाळ्यांत उसवणारे बूट पुन्हा पुन्हा घेणं हेही वाया घालवणंच, मग प्रत्येक वेळी पैसे कितीही थोडे जावोत.

म्हणून ‘चिकट’, ‘कंजूष’, ‘कवडीचुंबक’ हे शब्द काटकसरीच्या पंगतीत बसवू नयेत. कंजुषाची नजर वस्तूच्या वापरावर नसतेच, ती हातातून सुटणाऱ्या पैशावर असते. शिवाय कंजूष ठरायला आधी गाठीला पैसा असावा लागतो. ज्याच्याकडे तो नाही आणि जो नाइलाजाने स्वस्तातलं घेतो, त्याला कंजूष म्हणणं हा भाषेचाही गैरवापर आहे आणि अन्यायही.

या सगळ्या चर्चेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते क्रियापद म्हणजे ‘परवडणे’. त्याचे दोन अर्थ आहेत. ‘मला हे परवडत नाही’ यात ऐपत आहे. ‘रोजच्या कटकटीपेक्षा एकदाचा खर्च परवडला’ यात मात्र तुलना आहे, आणि गंमत म्हणजे निवड आत्ता करायची असली तरी क्रियापद भूतकाळी येतं. जणू हिशेब मनात आधीच पुरा झालाय. टिकाऊ वस्तू घेणाऱ्याचं सगळं तर्कशास्त्र या एका ‘परवडला’त सामावतं. आता दोन्ही अर्थ एकत्र आणून पाहा : ज्याला महाग वस्तू परवडत नाही, त्याला स्वस्त वस्तूही परवडत नाही. पहिलं ‘परवडत नाही’ खिशाचं, दुसरं हिशेबाचं. गरिबी माणसाला जास्त खर्चात कशी पाडते, हे इतक्या थोडक्यात सांगणारं क्रियापद आपल्याकडे आहे याचा मला फार आनंद वाटतो.

‘पुरणे’ आणि ‘टिकणे’ यांतला फरकही इथे कामाचा. शाई पुरते, पेन टिकतं. तेल पुरवून पुरवून वापरता येतं. बुटांच्या बाबतीत ‘पुरवून वापरले’ म्हणत नाही, ‘टिकवले’ म्हणतो. संपणाऱ्या वस्तूची काटकसर हात आखडून होते. झिजणाऱ्या वस्तूची मात्र निवडीपासूनच सुरू होते आणि पुढे निगा राखण्यात चालू राहते.

एक सावधगिरी. ‘महाग’ हा संस्कृत ‘महार्घ’वरून आला, अर्घ म्हणजे किंमत. शब्दात किमतीपलीकडे काही नाही, टिकण्याची हमी तर नाहीच. भाषेने त्यासाठी ‘टिकाऊ’ वेगळा ठेवलाय, आणि त्याच ‘आऊ’ प्रत्ययाने ‘दिखाऊ’, ‘कामचलाऊ’, ‘टाकाऊ’ही घडवलेत. महाग वस्तू यांपैकी काहीही असू शकते.

त्यामुळे ‘असूनही’ व्याकरणाने चुकीचं नाही. ते वाक्य किमतीकडे पाहतं, ‘असल्यामुळे’ आयुष्याकडे. मात्र नुसतं ‘असल्यामुळे महाग बूट घेतले’ वाचताना ठेच लागते, कारण बूट टिकाऊ आहेत हे वाक्यात आलेलंच नाही. मी असं लिहीन : ‘तो काटकसरी होता, म्हणून चार पैसे जास्त देऊन त्याने पुन्हा तळ बसवता येतील असे बूट घेतले.’